निळा डबा

आमच्या घरातल्या औषधांच्या डब्यावर डेन्मार्कमधल्या एका गवती छपराच्या घराचं चित्र आहे. डबा गोल, निळा, पत्र्याचा. पंचवीसेक वर्षांपूर्वी दुबईहून आलेल्या एका पाहुण्यांनी तो लोण्याच्या बिस्किटांसकट आणला होता. बिस्किटं चार दिवसांत संपली, डबा राहिला. मराठी माणूस एक वेळ गावच्या जमिनीतला वाटा सोडेल, पण घट्ट झाकणाचा डबा टाकणार नाही. ज्यांच्या घरी हा डबा आहे त्यांना माहीतच आहे की बिस्किटं संपल्यावर त्याला दोनच जन्म असतात. एक सुई-दोऱ्याचा आणि दुसरा औषधांचा. माझी मुलगी चार वर्षांची असताना तिनं एकदा मोठ्या आशेनं ते झाकण उघडलं, आत जुलाबाच्या गोळ्या पाहिल्या आणि भोकाड पसरलं. त्यानंतर आमच्या घरात त्या डब्याकडे खाण्याच्या नजरेनं कोणी पाहिलेलं नाही.

मी गेल्या मार्चअखेर निवृत्त झालो. सरकारी नोकरीची चौतीस वर्षं, त्यातली एकोणीस अभिलेख कक्षात. निवृत्त माणसाला पहिल्या महिन्यात घर आवरण्याची जी उबळ येते ती मलाही आली, आणि नेमकी तेव्हाच आमची ही चार दिवस बहिणीकडे नाशिकला गेली. घरात मी आणि आई. आईचं वय चौऱ्याऐंशी. ती दिवाणावर बसून गवार मोडत होती, मी जमिनीवर वर्तमानपत्र पसरून डबा उपडा केला.

"काय हरवलंय रे?" आईनं विचारलं.

"काही नाही. लावतोय."

"बिघडलाय का?"

मी उत्तर दिलं नाही.

डब्यातून जे निघालं त्याची यादी मी ऑफिसच्या सवयीनं वहीत केली. तीन थर्मामीटर. पैकी एक पाऱ्याचा, जो हिवताप असो वा नसो, अठ्ठ्याण्णवच्या बाणावरून हलत नाही, आणि एक आकड्यांचा, ज्याचा सेल आमच्या मुलीच्या लग्नाआधी संपलेला. कापसाचा एक बोळा, रंगावरून ऐतिहासिक. शर्टाची आठ बटणं. कुणाच्या तरी चष्म्याचा बारका स्क्रू, चिठ्ठीत गुंडाळून, चिठ्ठीवर "स्क्रू". कान कोरायच्या काड्या. एक किल्ली. एका नातेवाइकाचा पाय मोडला होता तेव्हाचं क्रेप बँडेज, जे सोडलं की पुन्हा गुंडाळता येत नाही आणि म्हणून कोणी सोडत नाही. आणि गोळ्या. सुमारे दीडशे गोळ्या, त्यातल्या निम्म्यांना नाव नाही.

गोळ्या निनावी का होतात याचं उत्तर मेडिकलवाल्याच्या कात्रीत आहे. आपण चार गोळ्या मागतो, तो पाकिटातून चारच कापून देतो. गरिबाला ही मोठी सोय आहे आणि मी तिच्याविरुद्ध नाही. पण तारीख छापलेली असते पाकिटाच्या एका कडेला, आणि ती कड बहुतेक वेळा दुकानातच राहते. आपल्या वाट्याला येतं ते पाकिटाचं मधलं पोट. त्यावर एखादं "टॅब" किंवा "एमजी" असा तुटका धागा. पाचशे एमजी कशाचे हे कळत नाही, पण पाचशे आहेत म्हणजे साधी गोळी नसणार म्हणून ती टाकवत नाही. ज्यांच्यावर तारीख होती त्या मी वाचल्या. तिथे माझ्या ज्ञानात एक भर पडली. तारखेच्या जागी ऑगस्ट लिहिलं असेल तर ते औषध ऑगस्टच्या शेवटच्या दिवसापर्यंत चालतं. आमच्याकडे एक तारीखवाली गोळी शेवटच्या दिवसाला फक्त सात वर्षांनी चुकली होती.

काही पाकिटांवर उभी लाल रेघ होती. ही रेघ म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घ्यायची नाही. प्रतिजैविकं लोक शेंगदाण्यासारखी खातात म्हणून २०१६ साली केंद्र सरकारनं या रेघेची मोहीमच काढली होती. आमच्या डब्यात लाल रेघेची पाच अर्धवट पाकिटं निघाली, आणि ती पाहता पाहता मला जाणवलं की हे आमच्या कुटुंबाचं आरोग्यविषयक दप्तर आहे. पाच दिवसांच्या कोर्समधल्या चार गोळ्या उरल्या आहेत, म्हणजे तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बरं वाटलं. सहा उरल्या आहेत, म्हणजे दुसऱ्याच दिवशी, किंवा मग त्या दिवशी लग्न होतं. एकही कोर्स आमच्या घरात शेवटाला गेलेला नाही. बरं वाटलं की थांबायचं, हे आमचं औषधशास्त्र. उरलेल्या पुढच्या वेळी लागतील म्हणून डब्यात, आणि पुढच्या वेळी डॉक्टर हटकून वेगळ्या देतात.

ओआरएसची पाकिटं चौदा. इतकी कशी, तर मेडिकलमध्ये दुसरं काही घ्यायला गेलं तरी "एक ते पावडरीचं पण द्या" असं म्हणायची आमच्यात रीत आहे. दोन पाकिटं अर्धी, रबरबँड लावलेली. खरं तर मोठं पाकीट अख्खं एक लिटर पाण्यात टाकायचं असतं, त्यातलं मीठ-साखरेचं माप तेवढ्या पाण्याचं असतं. पण लिटरभर कोण पितो, म्हणून पेल्यात अंदाजे चिमूट टाकायची आणि तोंड वाकडं करायचं, अशी पद्धत पडली. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीनं माणसं पटापट जात होती, शिरेतून द्यायचं सलाईन संपत आलं होतं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज मोजून पाण्यात कालवलं आणि ते रुग्णांच्या आई-बापांनाच पाजायला सांगितलं. त्यावर किती जीव वाचले. २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. त्यांनी मोजून कालवलेल्या पाण्याची आम्ही चिमूट केली. मी दोन्ही रबरबँडवाली पाकिटं अत्यंत शरमेनं टाकली. रबरबँड ठेवले.

आता वर्गीकरण. अभिलेख कक्षात आम्ही कागद अ, ब, क, ड करायचो. अ म्हणजे कायम जपायचा, ड म्हणजे लवकर नष्ट करायचा. मधल्या सगळ्या पायऱ्या म्हणजे निर्णय पुढच्या माणसावर ढकलायचा. औषधांना हे लावून पाहिलं तर सगळंच अ मध्ये जायला लागलं. मग रोगवार लावलं. ताप, सर्दी, पोट, अंगदुखी, जखम. पहिलीच पॅरासिटामॉल हातात आली आणि अडली. ताप की डोकेदुखी? की अंगदुखी? तीन खात्यांत तीन तीन टाकल्या. दहावी उरली ती शर्टाच्या खिशात ठेवली.

रोगवार जमेना म्हणून अवयववार लावलं. डोकं, नाक, घसा, छाती, पोट, गुडघा. इथे बामानं माझा घात केला. बाम डोक्याला लावायचा की पाठीला? निळ्या बाटलीतलं ते वाफेचं मलम नाकाचं की छातीचं की लहान मुलांच्या तळपायांचं? एका बाटलीला सहा अवयव, म्हणजे एका फाईलला सहा विभागांचे जावक क्रमांक. पिवळा बाम तर आमच्याकडे डास चावला तरी लावतात. अमृतांजन १८९३ साली मुंबईत निघालं. काशीनाथुनी नागेश्वर राव या तेलुगू गृहस्थांनी काढलं, आणि पुढे १९०८ साली त्यांनीच मुंबईतून 'आंध्र पत्रिका' हे साप्ताहिक सुरू केलं. माणसानं आधी डोकेदुखीचा बाम काढावा आणि मग पत्र सुरू करावं, ही दूरदृष्टी आजकालच्या संपादकांत राहिलेली नाही.

आईची गवार मोडून झाली होती. ती म्हणाली, "आमच्याकडे एवढं काही नव्हतं बाई. बटवा होता."

आजीबाईचा बटवा हा शब्द आपण आता मासिकातल्या सदराला वापरतो, पण आईच्या सासूबाईंचा बटवा मी स्वतः पाहिला आहे. जांभळ्या खणाचा, दोन बाजूंनी ओढायची नाडी. आत वेखंड, हळकुंड, जायफळ, सुंठ, बाळहिरडा, ज्येष्ठमध, काकडशिंगी, मुरुडशेंग. एकावर चिठ्ठी नाही, तारीख नाही. मुरुडशेंग दिसायलाच पीळ घातलेल्या दोरीसारखी, आणि पोटात मुरडा आला की तीच उगाळायची. औषधाचं नाव, आकार आणि उपयोग एकाच वस्तूत छापून देणारी कंपनी नंतर निघाली नाही. मापही सोपं. सहाणेवर दूध टाकायचं आणि वेढे मोजायचे. बाळ महिन्याचं असेल तर प्रत्येकाचा एकच वेढा, मग वाढवत जायचं. हे सगळं गुणकारी होतं की नाही हे मला माहीत नाही, आणि आजचे बालरोगतज्ज्ञ सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाशिवाय काही देऊ नका म्हणतात, त्यांचंच ऐकावं. पण व्यवस्था म्हणून बटव्याला तोड नव्हती, कारण तो उघडण्याचा अधिकार एकाच बाईला होता.

त्या रात्री दहापर्यंत मी निळा डबा लावला. पुठ्ठ्याचे कप्पे केले, कप्प्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या, आणि मग एक फार मोठी चूक केली. मला वाटलं, औषधं घरभर पसरलेली आहेत, ती सगळी एका जागी आणावीत. एकछत्री कारभार. स्वयंपाकघरात गॅसच्या वरच्या फळीवर भाजल्यावरची पिवळी ट्यूब होती, ती आणली. ढोकळ्याच्या पिठाशेजारी इनोची पाकिटं होती, ती आणली. आईच्या उशीखालून बाम काढला. खिडकीतलं डासांचं मलम, बेसिनवरचा डेटॉल, दाराजवळच्या खुंटीवर पिशवीत लटकणाऱ्या आवळासुपारीच्या पुड्या, सगळं जमा केलं. मसाल्याच्या डब्यातल्या लवंगांकडेही माझा हात गेला होता, कारण दाढदुखीला लवंगच लागते. आईनं "तिथे हात लावू नको" म्हटल्यावर मागे घेतला. झाकण दाबून बसवलं, वहीत "पूर्ण" असा शेरा मारला आणि डबा फ्रिजवर ठेवला. फ्रिजच्या डोक्यावर ऊब असते, औषधं थंड कोरड्या जागी ठेवायची असतात, हे मला ठाऊक होतं. पण त्या डब्याची जागा फ्रिजवरच. काही गोष्टी निवृत्तीच्या पलीकडच्या असतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा करताना मी उजव्या हातानं तापलेलं भांडं धरलं.

ज्याचा उजवा हात भाजला आहे त्यानं पत्र्याच्या डब्याचं घट्ट झाकण डाव्या हातानं उघडून पाहावं. डबा गोल, त्यामुळे तो फिरतो. पोटाशी धरावा तर घसरतो. एरवी आम्ही चमच्याच्या दांडीनं उचकटतो, पण चमच्याला दुसरा हात लागतो. मी डबा गुडघ्यांत धरून ओट्यापाशी खाली बसलो असताना आई आली. तिनं काही न विचारता मला उठवलं आणि नळाखाली हात धरायला लावला. हल्ली डॉक्टरही तेच सांगतात, भाजलेला भाग आधी वीस मिनिटं वाहत्या गार पाण्याखाली धरा. आईला वीस मिनिटं माहीत नव्हती, पण तिचे दोन श्लोक तेवढ्याच वेळाचे असतात. श्लोक म्हणता म्हणता तिनं सवयीनं गॅसच्या वरच्या फळीवर हात नेला. तिथे ट्यूब नव्हती. ट्यूब "त्वचा" या कप्प्यात सुरक्षित होती.

नळाखाली हात धरून उभं राहिल्यावर माणूस विचार करतो. भाजणं गॅसपाशी होतं, म्हणून ट्यूब गॅसपाशी होती. पोट बिघडतं ते स्वयंपाकघरातलं काहीतरी जास्त खाऊन, म्हणून इनो तिथे. गुडघे दुखतात रात्री दोनला, म्हणून बाम उशीखाली, आणि बस लागते ती घराबाहेर पडल्यावर, म्हणून आवळासुपारी दाराजवळ. मी ज्याला पसारा म्हणत होतो तो पसारा नव्हताच. सगळं घरच औषधाचा डबा होतं. एकेक वस्तू जिथे दुखतं त्याच्या हाताच्या अंतरावर कोणीतरी पंचवीस-तीस वर्षं नेऊन ठेवत आलं होतं, आणि त्या कोणीतरीनं वही कधी केली नव्हती. मी एकोणीस वर्षं अभिलेख कक्षात राहून हे शिकलो नाही.

ही नाशिकहून आली. बॅग ठेवायच्या आधी फळीकडे पाहिलं. "अहो, इथली ट्यूब?" मी वही पुढे केली. तिनं वही वाचली नाही. माझ्या हाताची पट्टी पाहिली आणि म्हणाली, "कळलं."

सगळं जागच्या जागी जायला तिला दहा मिनिटं लागली. माझ्या कप्प्यांचा पुठ्ठा तिनं कपाटाचा पाय डुगडुगत होता त्याखाली घातला.

माझ्या सुधारणांपैकी एकच टिकली, तीही अर्धी. मुलीनं दुबईहून आईसाठी सात खणांची गोळ्यांची डबी पाठवली होती. झाकणांवर इंग्रजी वारांची आद्याक्षरं, म्हणजे एस दोन आणि टी दोन. आई मराठी सातवी शिकलेली, पण तिनं लगेच विचारलं, "यातला शनिवार कुठला आणि रविवार कुठला?" खरं तर मलाही सांगता येईना. मी त्यावर चिठ्ठ्या चिकटवल्या, र, सो, मं, बु, गु, शु, श. आपल्या वारांत एकाचं अक्षर दुसऱ्यासारखं नाही. शु आणि श जवळचे आहेत, पण शुक्र-शनीचा घोळ आई कधीच घालणार नाही, एक देवीचा आणि एक मारुतीचा. डबी वर्षभर वापरात आहे. फक्त पहिल्या दिवशी आईनं ती उलटसुलट करून विचारलं होतं, "संकष्टीचा खण कुठाय?" जेवणानंतर घ्यायची गोळी, आणि जेवण चंद्रोदयानंतर, त्यामुळे प्रश्न रास्त होता. तो मी डॉक्टरांना विचारला. त्यांनी आईलाच उपास सोडायला सांगितलं. आईनं डॉक्टर सोडले.

मग मुलीचं बाळंतपण आलं आणि ही दुबईला निघाली. प्रवासाच्या औषधांच्या पिशवीकडे मी आता लांबूनच पाहत होतो. मुलीचा रोज व्हिडिओ कॉल. इथून काय न्यायचं यापेक्षा काय न्यायचं नाही याचीच यादी मोठी. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध नको, तीव्र वेदनाशामकं परवानगीशिवाय नकोत, रोजच्या गोळ्यांबरोबर डॉक्टरची चिठ्ठी हवी, आणि गोळ्या मूळ पाकिटात हव्यात. कात्रीनं कापलेलं पोट चालणार नाही. हातातल्या बॅगेत शंभर मिलिलिटरवर द्रव पदार्थ नको. हा नियम २००६ सालचा आहे, लंडनमध्ये विमानं उडवण्याचा कट उघड झाल्यावर आलेला, आणि त्यात बाटली किती भरली आहे हे बघत नाहीत, बाटली केवढी आहे हे बघतात. तळाशी चमचाभर तेल असलेली दोनशेची बाटली म्हणजे दोनशेच.

"आणि आई, खसखस आणू नकोस. अजिबात. डिंकाच्या लाडवात पण नको."

"अगं, बाळंतिणीच्या लाडवात खसखस नाही म्हणजे?"

"इथे बंदी आहे. अफूच्या झाडाची असते ना ती. तुरुंगात टाकतात."

फोनवर थोडा वेळ शांतता. मग दिवाणावरून आई म्हणाली, "तरीच. अनारसे खाल्ले की यांच्या वडिलांना दुपारी उठवावं लागायचं."

खसखशीविना तीन किलो लाडू गेले. विमानात आणि तिकडे काय काय उपयोगी पडलं हे मी हिला परत आल्यावर विचारलं. औषधांची पिशवी एकदाही उघडली नव्हती. उपयोगी पडल्या त्या बांगडीत अडकवलेल्या तीन सेफ्टी पिना. पहिली मुंबई विमानतळावर, बॅगेची चेन गेली तिथे. दुसरी विमानात शेजारच्या बाईंच्या साडीच्या निऱ्यांना. तिसरी दवाखान्यात, बाळाच्या दुपट्याला. ही पिन वॉल्टर हंट या अमेरिकन माणसानं काढली. १८४९ साली पेटंट घेतलं आणि चारशे डॉलरला विकून टाकलं, कारण त्याला म्हणे पंधरा डॉलरचं कर्ज फेडायचं होतं. त्याच्या बायकोनं त्याला काय म्हटलं याची नोंद कुठेही नाही, पण मला अंदाज आहे.

हिच्या त्या दुबईच्या दोन महिन्यांत मी घरात एक छोटा बदल केला. निळ्या डब्यातली औषधं मी एका चौकोनी, पारदर्शक, उघडायला सोप्या प्लास्टिकच्या डब्यात हलवली. झाकण एका हातानं उघडतं, आत काय आहे ते बाहेरून दिसतं. तो डबा खालच्या खणात, अंधारात आणि कोरड्या जागी ठेवला. यावर कोणाचाही आक्षेप नाही. निळा डबा मात्र फ्रिजवर होता तिथेच ठेवला. त्याच्याशिवाय फ्रिज बोडका दिसतो, असं मी सांगितलं.

मला गेल्या दोन वर्षांपासून साखर आहे. घरात गोड बिस्किटं आणायला बंदी आहे आणि ती बंदी हिच्याकडून, आईकडून आणि व्हिडिओ कॉलवरून अशी तिन्ही बाजूंनी राबवली जाते. निळ्या डब्यात आता पुन्हा लोण्याची बिस्किटं आहेत. सात महिने झाले, अजून कोणीही झाकण उघडून पाहिलेलं नाही.